पाहुण्यासाठी विझवलेली भट्टी

कोरेगावच्या नानासो लोहारांच्या मिशीची उजवी बाजू डावीपेक्षा कायम थोडी आखूड असे. भट्टीत वाकून बघताना ते मान एकाच बाजूला कलती ठेवत, आणि जाळाला मिशीचं जे टोक सापडे ते तो घेऊन टाकी. गावच्या न्हाव्यानं एकदा दोन्ही बाजू सारख्या करून देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गड्या. भट्टी चालू हाय हे लोकांस्नी कशावरनं कळंल मग?"

तसं ते आवाजावरूनही कळायचं. स्टेशनच्या वाटेवर त्यांची लांबोडकी पत्र्याची शेड होती आणि तिथं उसाचे लोखंडी चरक तयार होत. उभ्या तीन लाटा, म्हणजे लोखंडी रूळ, वर लांब दांडा, दांड्याला बैल. बैल गोल फिरला की लाटांमधून उसाचा रस. नानासोंनी 'चरक विकला' असं म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. 'रहिमतपूरला दिलाय', 'पाटणला दिलाय' असंच म्हणायचे. गुऱ्हाळं सुरू झाली की दिलेल्या ठिकाणी एकदा चक्कर मारून, गुळाचा खडा तोंडात टाकून, दोन तक्रारी ऐकून यायचे. तक्रारी चरकाच्या असत, पण ऐकणाऱ्याचा चेहरा लेकीच्या बापाचा असे.

मग लढाई सुरू झाली आणि देशातलं सगळं लोखंड तिकडं निघालं. ओतायचं बीड, म्हणजे चरकाच्या लाटांचं लोखंड, आणि दगडी कोळसा परवान्याशिवाय मिळेना. नानासो साताऱ्याच्या कचेरीत गेले, तिथून पुण्याला, पुण्याहून मुंबईला. मुंबईत जिन्यावरच्या पट्टेवाल्यानं विचारलं, "कोण तुम्ही?" "चरकवाले." "कुठले?" "कोरेगावचे." पट्टेवाल्याला दोन्ही शब्द नवे होते. नानासो त्याच जिन्यानं खाली उतरले.

पण त्या जिन्यावर त्यांच्यासारखेच उभे असलेले एक घाणेवाले भेटले आणि त्यांनी 'अखिल हिंद ऊसयंत्र उत्पादक संघा'चं नाव सांगितलं. पंजाबपासून मद्रासपर्यंतचे लहानमोठे कारखानदार त्यात होते. एकेकट्याला जिन्यावर उभं करणारं सरकार संघाला म्हणे खुर्ची देई, वर चहाही विचारी. संघानं शिफारस केली की सभासदाला बीड आणि कोळसा मिळे. अट एकच. नुसती पाटी लावून लोखंड उचलायचं आणि परस्पर विकायचं, असे महाभाग निपजले होते. त्यामुळं संघाचा माणूस जातीनं येणार, चालता कारखाना डोळ्यांनी बघणार, आणि मगच सभासदत्व देणार.

इकडं शेडमधलं लोखंड संपत आलं होतं आणि हंगाम तोंडावर होता. शिफारस मिळाली नाही तर शेडला कुलूप आणि बिराप्पासकट सगळी माणसं घरी, हे नानासोंना स्वच्छ दिसत होतं. बिराप्पा हा त्यांचा घणकरी. सीमेकडचा माणूस; रागावला की कानडीत रागवायचा, म्हणून कुणालाच राग येत नसे.

संघाचे फिरते प्रतिनिधी चिंतामणराव अमुक दिवशी सकाळच्या गाडीनं येणार, असा सांगावा आला.

"आख्ख्या देशाचा संघ हाय," नानासो बायकोला, राहीबाईंना म्हणाले. "म्हंजी पावना देशाचा हाय."

आणि अशा पाहुण्यासाठी कोरेगावात कुणीही जे केलं असतं ते त्यांनी केलं. भट्टी विझवली. राख काढून शेड शेणानं सारवली. दारात रांगोळी, चौकटीला झेंडू. माणसांना सुट्टी देऊन धुतलेल्या कपड्यांत उभं केलं. पाहुण्याला परत पोचवायला घरची बैलगाडी धुऊन तिच्यावर गादी घातली. आणि कळस म्हणजे, दसरा होऊन गेला असूनही सगळी हत्यारं पुन्हा पाटावर मांडून राहीबाईंच्या हातून त्यांची पूजा केली. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही रीत चार पिढ्यांची.

चिंतामणराव आले. मूळचे सांगलीचे, अंगात कोट, डोक्याला सोला हॅट, आणि दौऱ्याचा शीण खांद्यावर. रांगोळी ओलांडून शेडमध्ये शिरल्यावर त्यांनी चहूकडं पाहिलं आणि विचारलं, "कारखाना कुठं आहे?"

"ह्योच की सायेब."

"हा? मला वाटलं, कुणाचं लग्न आहे. भट्टी?"

"गार केली. तुमच्या कोटावर ठिणगी नगं."

"तयार चरक?"

"समदं दिल्यात."

"लोखंड?"

"त्ये न्हाई म्हनून तर तुमाला बोलीवलं."

चिंतामणराव मांडलेल्या खुर्चीवर बसले. माणूस खवट नव्हता, पण कोड्यात पडला होता. "नानासो, मागच्या मुक्कामी मी एक कारखाना पाहिला. पाटी झकास होती. आत एक शेळी बांधलेली. पण ती तरी चालू होती, रवंथ करत होती. इथं काय चालू आहे? मी संघाला जाऊन काय सांगू, रांगोळी सुरेख होती म्हणून? भट्टी पेटवा, काम दाखवा."

नानासोंचा चेहरा उतरला. "हत्यारं पुजल्यात. आज उचलता येत न्हाईत. उद्या सकाळी..."

"संध्याकाळच्या गाडीनं मी पुढं निघालो. उद्या बेळगावात असेन."

चार पिढ्यांची रीत एकीकडं आणि चार पिढ्यांचा धंदा दुसरीकडं, आणि मधे नानासो, हात जोडलेले तसेच. मान राखायला म्हणून जे जे केलं होतं ते सगळं अंगावर आलं होतं.

तेवढ्यात बाहेर गाडी करकरत थांबली आणि फौजेतून परतलेले गुऱ्हाळवाले लालासाहेब आत आले. आवाज परेडीचा. "नानासो! चरकाचा आस मोडला! ऊस तोडून पडलाय, रसाची काहील निम्मी भरलीया, आन् ह्यो बसला! गाडीत घालून आणलाय." एवढ्यात त्यांना सोला हॅट दिसली आणि त्यांनी सवयीनं खाडकन सलाम ठोकला. चिंतामणरावांनी गडबडून तो परतही केला.

नानासोंनी पाटावरच्या हातोड्याकडं पाहिलं, मग राहीबाईंकडं.

"माझ्याकडं काय बघताय?" राहीबाई पदर खोचत पुढं आल्या. "आवं, पुजा म्या मांडली, मीच उठवती." त्या पाटासमोर वाकल्या, हत्यारांवर अक्षता टाकल्या आणि शेजारणीशी बोलावं तसं देवाला म्हणाल्या, "उसाचं काम आलंय बाबा. जरा उठतोस का? उद्या निवांत बस." मग घण उचलून त्यांनीच बिराप्पाच्या हातात दिला. घणाला अजून झेंडू चिकटलेला होता.

पुढं जे झालं ते पाहायला निम्मं कोरेगाव जमलं. पांढरे सदरे खुंटीवर गेले. भट्टीत उरलासुरला कोळसा पडला. पण मोडका आस पार झिजलेला, नवा घडवायला लोखंड कुठलं? नानासो दारात जाऊन उभे राहिले. समोर पाहुण्याची गाडी, धुतलेली, गादी घातलेली. तिचा आस पोलादी, वडिलांच्या हातचा.

"बिराप्पा, गाडी आडवी कर."

"मालक, सायबांनी स्टेशनला कशात जायाचं?"

"ते बघू. लालासायबांचा रस आंबतोय."

गाडीचा आस बाहेर आला, तोडला गेला, भट्टीत लाल झाला. माणसं कोण चरक खोलतंय, कोण सांडशी धरतंय. नानासो ओरडले, "भात्यावर कोन हाय रं?" कुणीच नव्हतं. चिंतामणरावांनी कोट काढला, झेंडूच्या तोरणाला अडकवला आणि जाऊन भात्याची साखळी धरली.

"सायेब, हळू! निम्मा कोळसा एकदम खाल्लासा की!" नानासो डाफरले. पाहुणा देशाचा आहे हे ते एव्हाना विसरले होते. दोन तुकडे दुमडून, घणाखाली एकजीव होऊन नवा आस तयार झाला. मधल्या लाटेत बसवून नानासोंनी चरक हातानं फिरवला आणि कान लावून ऐकला. चरक गप्प फिरत होता. मग ते मान कलती करून हसले, आणि मिशी आणखी जराशी जळली असल्याचं सगळ्यांना दिसलं.

चिंतामणराव स्टेशनला गेले ते लालासाहेबांच्या गाडीतून, चरकाच्या शेजारी बसून. तोंड इतकं काळं होतं की तिकीट दुसऱ्या वर्गाचं असूनही स्टेशनमास्तरांनी त्यांना आधी तिसऱ्या वर्गाच्या डब्याकडं पिटाळलं. संघाच्या सभेत मोठमोठ्या कारखान्यांचे मालक बसले होते. तिथं त्यांनी कोरेगावविषयी दोनच वाक्यं सांगितली म्हणे: "कारखाना चालू आहे. मी स्वतः चालवला."

शिफारस झाली. ऐन हंगामात संघाच्या नावानं बीड आणि कोळशाचा डबा कोरेगाव स्टेशनात लागला, तेव्हा गाव बघायला लोटलं होतं. राहीबाईंनी डब्याला हळदकुंकू लावलं आणि लगेच बाजूला झाल्या, म्हणाल्या, "झालं. उतरवून घ्या." त्या वर्षी पाटणपर्यंत कुठलंच गुऱ्हाळ चरकावाचून अडलं नाही. घरची गाडी मात्र हंगामभर आसाविना दगडांवर उभी होती, आणि नानासो सगळीकडं पायी हिंडत, छाती काढून. कुणी विचारलं तर म्हणत, "गाडी कशाला? आमी आता देशाच्या संघात हाय."

पुढल्या वर्षी चिंतामणराव पुन्हा आले. या वेळी दारात रांगोळी नव्हती, खुर्ची नव्हती. आत धूर होता, घण पडत होता. नानासोंनी लाल लोखंडावरची नजर काढली नाही, उठलेही नाहीत. नुसती मान कलती करून म्हणाले, "या सायेब. भाता मोकळा हाय."

चिंतामणरावांनी कोट काढला.