आलोइसचं मलम

आमच्या नेमबाजी मंडळात आलोइस श्निडरला सगळे 'ग्रीसचा पोप' म्हणत. अर्थात त्याच्या पाठीमागे. आयुष्यभर चीज बनवून निवृत्त झालेला हा माणूस. नेम बेताचाच, हिवाळ्यात तर तो रायफल उचलायचाच नाही, पण वंगणावर बोलायला लागला की त्याला आवरणं कठीण. आमच्या रायफली युद्धकाळातल्या, कुणाला बापाकडून आलेल्या, कुणाला सासऱ्याकडून. त्यांना दुकानातलं ग्रीस लावणं म्हणजे, आलोइसच्या मते, शुद्ध अडाणीपणा.

म्हणून तो स्वतः मलम शिजवायचा. गाईची चरबी, मेण आणि आमच्याकडे दुखऱ्या गुडघ्यांना चोळतात ती डोंगरातल्या मार्मोट नावाच्या गुबगुबीत खारीसारख्या प्राण्याची चरबी. दर नाताळात प्रत्येकाला एक डबी. आम्ही म्हणायचो, "वा आलोइस, बोल्ट कसा लोण्यासारखा सरकतोय!" आणि घरी जाऊन ते दाराच्या बिजागऱ्यांना फासायचो. त्याच्याकडे कॉफीत श्नॅप्स, आमच्याकडची कडक दारू, सढळ हातानं पडायची. खरं कोण बोलणार? ट्रुडी फेल्डर, गावची जुनी पोस्टवाली, तेवढी डबी परत करायची.

जानेवारीत शेजारच्या गावाशी सामना होता. पहाटेच मंडळाच्या खोलीत येऊन आलोइसनं आमच्या अकराही रायफलींच्या बोल्टना, म्हणजे गोळी भरताना मागेपुढे ओढायच्या दांड्यांना, मलम थापलं. बाराव्या रायफलीकडे वळला तशी ट्रुडी म्हणाली, "माझ्या बंदुकीला हात लावायचा नाही."

शेगडीजवळ सगळं झकास सरकत होतं. बाहेर उणे नऊ. पाव तासात मलम मेणबत्तीसारखं थिजलं.

"अरे, ओढ ना!"

"ओढतोय की! गार झालेल्या चीजच्या फोंड्यूत काटा रुतलाय नुसता!"

शेजारच्या गावचे लोक पोट धरून हसत होते. ट्रुडीनं मात्र शांतपणे आपल्या सगळ्या गोळ्या झाडल्या. आम्ही सपाटून हरलो.

"थंडीच भलती पडली," आलोइस पुटपुटला.

"जानेवारीत थंडीच पडते, आलोइस," ट्रुडी म्हणाली.

खोलीत आल्यावर त्यानं मान खाली घालून तिला विचारलं, "तू किती लावतेस?"

"तांदळाच्या दाण्याएवढं. बोल्टच्या खाचेत आणि जिथं धातूवर धातू घासतो तिथं. बोटानं पसरायचं, उरलेलं पुसायचं. नळी कोरडी. आणि ग्रीस दुकानातलं, थंडीत न गोठणारं."

आलोइसनं मान डोलावली. मग आमच्याकडे वळला. "पण तुम्ही तर इतकी वर्षं माझंच लावत होतात. मग आजवर कधी गोठलं कसं नाही?"

कुणी बुटांच्या नाड्या बांधायला लागलं, कुणी खिडकीबाहेर पाहायला. शेवटी अध्यक्ष खाकरले. "आमच्या घरची दारं मात्र कधी करकरली नाहीत हो."

आलोइस हसला नाही. त्यानं रॉकेलचा डबा घेतला, चिंध्या घेतल्या आणि दुपारपर्यंत अकराही रायफली एकट्यानं पुसून काढल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "राहू दे. तुझ्या बिजागऱ्या बघ."

त्यानंतर त्यानं कॉफीला आम्हाला बोलावलं नाही. फक्त ट्रुडीला बोलावलं. वसंतात दुकानातलं ग्रीस लावून तो जन्मात खेळला नव्हता इतका चांगला खेळला. हल्ली नवख्यांना तो दाण्याएवढ्या ग्रीसची 'माझी पद्धत' शिकवतो. ट्रुडी शेजारीच बसलेली असते. एकदा मंडळाच्या खोलीत कॉफी पिताना मी तिला विचारलं, "तुला राग येत नाही?"

"तो निदान विचारायला तरी आला," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी कॉफी अर्धी टाकून उठलो.