कुडापलीकडची शिकवणी

लग्न होऊन मी पालघरला आले तेव्हा माझ्यासाठी ते परदेशच होतं. माहेर तासगावकडचं. तिकडची कोरडी हवा, ज्वारीची भाकरी आणि माळ सोडून मी आले ती अंगाला चिकटणाऱ्या दमट हवेत. भाकरी इथं तांदळाची. पश्चिमेचा वारा सुटला की सुक्या मासळीचा वास थेट चुलीपर्यंत यायचा आणि मी पदर नाकाला लावायची.

हे बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, बोईसरला नव्या नव्या शेड उभ्या राहत होत्या आणि कामाला माणसं कमी पडत होती. हे गाडीनं जायचे, गाडीनं यायचे, जेवायचे आणि झोपायचे. स्वभावानं वाईट मुळीच नव्हते, पण बोलणं नाही. "आमटी कशी झालीय?" विचारलं की "बरी." "कामावर काय झालं?" विचारलं की "काही नाही." सहा महिने मी या दोन शब्दांवर संसार केला.

आम्ही पालघरजवळच्या माहीम गावाच्या रस्त्याला एका कौलारू घराच्या अर्ध्या भागात राहत होतो. उरलेल्या अर्ध्यात नॉर्वेहून आलेलं एक मिशनरी जोडपं होतं. दोघांनीही साठी ओलांडलेली. ते आयुष्यभर बोटी बांधणाऱ्या कारखान्यात सुतार, ती नर्स. मुलं आपापल्या संसाराला लागली, तेव्हा या दोघांनी मिशनला कळवलं, आमचे हातपाय चालतायत, कुठं पाठवायचं तिथं पाठवा. मासवणच्या बाजूला एका पाड्यावर मिशनचा लहानसा दवाखाना होता. आजी तिथं आठवड्यातले तीन दिवस जात. आजोबा जीप चालवत, तिथल्या खाटा-बाकं दुरुस्त करत आणि रविवारी दवाखान्याच्या ओट्यावर प्रार्थना घेत. ते इंग्रजीत बोलत आणि कंपाउंडर मराठीत सांगे. घरमालकीण त्यांना आजोबा-आजी म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागले. "जपून राहा हो, बाटवतील," असं तिनंच मला सुरुवातीला बजावलं होतं, आणि तीच रोज संध्याकाळी आजींकडून ब्लडप्रेशर तपासून घ्यायची.

दोन्ही घरांची ओटी एकच होती. आत मात्र मधे कारवीच्या काड्यांचा, शेणानं लिंपलेला कूड. दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं. सकाळी त्यांची प्रार्थना, मग एक गाणं, मग भांडण. भाषा कळत नव्हती तरी भांडण कळायचं. आजींना खिडकी उघडी लागे, आजोबांना बंद. भांडण संपलं की दोघं मिळून अंगणात पलंगाची चादर झटकायची, दोन टोकं आजींच्या हातात, दोन आजोबांच्या. जेवणानंतर आजोबा भांडी घासायचे आणि आजी पुसायच्या. आमच्याकडे पुरुषानं पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचललेला मी पाहिला नव्हता. पहिल्यांदा ते मागच्या अंगणातल्या मोरीवर बसलेले दिसले तेव्हा मी मान फिरवली. वाटलं, आपण बघितलं तर त्यांना लाज वाटेल. त्यांना कसली लाज वाटतेय! "टीचर, गुड मॉर्निंग!" म्हणून ओरडले.

टीचर म्हणजे मीच. लग्नाआधी मी दोन वर्षं बालवाडीत शिकवलं होतं, हे घरमालकिणीनं त्यांना सांगितलं आणि दुपारच्या मराठीसाठी त्यांनी मला बोलावलं. मलाही वेळ जात नव्हता. ओटीवर बसून मी म्हणायची, "मी पाणी पिते." दोघं माझ्यामागून म्हणायची, "मी पाणी पिते." आजींची जीभ जड होती, आजोबांचे उच्चार मात्र कसे स्वच्छ. "ळ" तर असा काढायचे की मला माझाच अभिमान वाटायचा. चार महिन्यांत ते घडाघडा बोलू लागले.

एका सकाळी सातपाटीची मासळीवाली टोपली घेऊन ओटीवर टेकली. मी घेत नसे, आजी घेत. त्या दिवशी आजोबाच पुढं झाले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "आज मी मासे घेते. काल मी आले नाही, मी दवाखान्यात गेले होते."

मासळीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगो बाय, याला काय झालंय? एवढी पांढरी दाढी हाय आन् घेते म्हनतोय!" आणि हसत सुटली. टोपलीवरचा हात सुटला तशी एक मांजर पुढं सरकली, तिलाही तिनं हसतहसतच हाकललं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतके महिने ते माझ्यामागून म्हणत होते आणि मला ते माझंच बोलणं वाटत आलं होतं. आजोबांनी मला विचारलं, "काय चूक?" मी कशीबशी समजावली. बाई म्हणते घेते, पुरुष म्हणतो घेतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आजींना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि मग दोघं इतकी हसली की आजोबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बाईकडनं शिकला तर बाईवानीच बोलनार ना," मासळीवाली म्हणाली. "तुमी त्याला बाप्याकडं धाडा."

बाप्या म्हणजे पुरुष. आणि जवळचा बाप्या म्हणजे आमचे हे.

संध्याकाळी मी भीतभीत विषय काढला. हे म्हणाले, "मला काय शिकवता येणार? मी काय मास्तर आहे?" यांच्या मानानं ते बरंच लांब भाषण होतं. पण दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले तर आजोबा ओटीवर आपल्या बाजूला दोन खुर्च्या मांडून बसलेले. नाही म्हणायला यांना जमलं नाही.

मी आत भाकऱ्या थापत होते. कुडापलीकडून ऐकू आलं.

"मी सकाळी उठतो."

"मी सकाळी उठतो."

"मी कामावर जातो."

"मी कामावर जातो."

चालू काळ दोन-तीन दिवसांत संपला. मग भूतकाळ आला आणि तिथं यांची पंचाईत झाली, कारण त्यासाठी काहीतरी घडलेलं सांगावं लागतं.

"काल तुम्ही काय केलं?" आजोबांनी विचारलं.

"कामावर गेलो."

"परवा?"

"कामावरच गेलो."

"लहान होता तेव्हा?"

मी परातीतला हात थांबवला.

"लहान होतो तेव्हा आई वारली," हे म्हणाले. "मी मामाकडं राहिलो. शाळा नदीपलीकडं होती. नदीला पाणी आलं की मी पोहत गेलो."

"पोहत? आणि पुस्तक?"

"डोक्यावर बांधलं."

सासूबाई लवकर गेल्या एवढं मला ठाऊक होतं. नदीचं, पुस्तकांचं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पलीकडे आजोबा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मी लहान होतो. माझे वडील समुद्रात गेले. परत आले नाहीत." त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. हे नुसतं "हं" म्हणाले.

त्यानंतर मला संध्याकाळची ओढ लागली. हे आले की चहा देऊन मी मुद्दाम चुलीशी बसायची. गूळ खाल्ला म्हणून मामानं एकदा कसं मारलं, बोईसरला पहिल्या दिवशी हिंदी न कळल्यानं भलतंच यंत्र कसं बंद केलं, माझ्या घरी मुलगी बघायला आले तेव्हा घाबरून पोहे तसेच कसे ठेवले, हे सगळं मला असं तुकड्यातुकड्यानं समजलं. पोह्यांचं ऐकून मला हसू आलं. मी तेव्हा समजले होते की पोहे खारट झाले असावेत.

एका संध्याकाळी आजोबांनी विचारलं, "तुम्ही काय विचार करता?"

हे म्हणाले, "मी विचार करतो की हिला इथं करमत नाही. माहेरी जाते आणि तिथंच राहते म्हणाली, तर मी काय करीन?"

तव्यावरची भाकरी जळाली. खरं म्हणजे मला करमत नव्हतंच. पण ते असं परस्पर दुसऱ्याला सांगितलेलं मला खपलं नाही. मी तशीच पिठाच्या हातानं उठले आणि कुडाला तोंड लावून म्हणाले, "कोण म्हणतं मला करमत नाही?"

पलीकडून आजोबांचा गडगडाट झाला, "टीचर ऐकते!"

आणि आतून आजींचा जड, सावकाश आवाज आला, "टीचर रोज ऐकते. मी पण रोज ऐकते."

त्या दिवशी चौघांनी आमच्याकडे चहा घेतला. यांचे कान लाल झाले होते आणि मला वर बघवत नव्हतं. पण रात्री जेवताना हे आपणहून म्हणाले, "आमटी चांगली झालीय. थोडी अजून वाढ."

पुढं खुर्च्या दोनाच्या चार झाल्या. यांच्या सुट्टीच्या दिवशी आजोबा आम्हाला जीपमधून सातपाटीला घेऊन गेले. बंदराजवळ बांबूच्या आडव्या काठ्या बांधलेल्या वलांडींवर बोंबील वाळत होते, रांगाच्या रांगा. मी नाक दाबलं. आजी मात्र उतरून त्या रांगांत शिरल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांच्या गावीही समुद्रकाठी असेच मासे वाळत घालतात, फक्त मोठे, असं आजोबांनी सांगितलं. "घराचा वास," आजी म्हणाल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. इतक्या लांबून आलेल्या बाईला तो घराचा वास वाटत होता, आणि तासगावहून आलेली मी पदर नाकाला लावून उभी होते. मी पदर खाली घेतला. वास तसाच होता, पण त्या दिवशी मी उभी राहू शकले.

थोड्या दिवसांनी आजोबांनी कंपाउंडरला बाजूला बसवून पाड्यावर पहिल्यांदा स्वतः मराठीत प्रार्थना घेतली. आम्ही दोघंही गेलो होतो. हे हात जोडून मागं उभे, पोराची परीक्षा असावी तसे. आजोबा म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." सगळं करतो, मागतो, येतो. एकदाही पाय घसरला नाही. शेवटी ते म्हणाले, "माणूस देवाकडे जातो. म्हणतो, देवा, मी लेट झालो. देव म्हणतो, चलेगा."

हे शब्द बोईसरच्या कारखान्याचे होते आणि कुठून आले ते उघड होतं. पाड्यावरचे म्हातारे मोठ्यानं हसले. एक म्हातारा म्हणाला, "आमचा देव बी असाच हाय." आजोबांना ते फार आवडलं. परतताना जीपमध्ये ते दोनदा म्हणाले, "असाच हाय." यांनी ते दुरुस्त केलं नाही.

ते दोघं आणखी आठेक वर्षं आमच्या शेजारी राहिले. आमच्या मुलीला पहिलं पाऊल टाकायला आजोबांनी केलेला पांगुळगाडा होता. आजींची मराठी शेवटपर्यंत अडखळतच राहिली, पण दवाखान्यातल्या बायकांना त्यांचं सगळं कळे. मग आजींचे गुडघे गेले, जीपमध्ये चढणं होईना. मिशननं परत बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा खिडकीवरून भांडण झालंच.

हे आता निवृत्त आहेत. पालघरजवळच कोळगावच्या बाजूला आम्ही लहानसं घर बांधलं. भाजी आणायला गेले की वाटेत दहा जणांशी बोलत उभे राहतात आणि मला फोन करून विचारावं लागतं, येताय ना?

नॉर्वेला परतल्यावर काही वर्षांनी आजोबा गेल्याचं त्यांच्या मुलीनं कळवलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी आजी गेल्या. शेवटपर्यंत दोघं समुद्राजवळच्या आपल्याच घरात राहिली, हातानं करून खात होती, असं ती म्हणाली. ऐकून आम्हाला दोघांनाही बरं वाटलं.