देवीवाल्याच्या पेटीतला कॅमेरा

मलकापुरात मुलांना देवी काढायचं, म्हणजे लस टोचायचं काम निवृत्ती नारखेडे करायचा. म्युनिसिपालिटीची नोकरी. अंगात खाकी कोट, डोक्याला काळी टोपी, हातात लशीची पत्र्याची पेटी. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की कुणीतरी सांगायचं, "देवीवाला आला बे," आणि आया पोरांना कणगीमागं, खाटेखाली, सापडेल तिथं दडवायच्या. मोठी माणसंही दारं लावून घ्यायची. त्यांना टोचायचं नव्हतं, पण पोरं कुठं आहेत ते सांगायची पाळी नको.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीनेक वर्षं आधी भुसावळच्या एका रेल्वे गार्डाची बदली झाली. जाताना त्यानं सामान विकायला काढलं, त्यातला खोक्याचा कॅमेरा निवृत्तीनं घेतला. घरी बायको कौशल्याबाई नवं लुगडं नेसून अंगणात उभी राहिली. निवृत्ती खोक्यात डोकावून म्हणाला, "जराशी बाजूले सरक. मले मांगची देवळाची कमान पाह्यजे." त्या रात्री त्याच्या ताटात नुसती भाकर पडली.

त्याला फोटो हवे होते ते इमारतींचेच. कापसाच्या जिनिंग कारखान्याची चिमणी, धर्मशाळेचे खांब, बाजारातले सज्जे. "माणूस कॅमेरा पाह्यला की ताठतो," तो म्हणायचा. "भिंत हाय तशीच राह्यते." पण भिंतीपर्यंत पोचू कोण देतं? धर्मशाळेचा त्याचा पहिला फोटो भुसावळहून धुऊन आला, त्यात एकोणीस माणसं होती, एक बकरी होती, धर्मशाळा नव्हती. आणि एका रिळात फोटो आठच निघायचे.

मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की आपल्याइतकी पटकन गल्ली रिकामी करणारा माणूस अख्ख्या गावात दुसरा नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं लस घरी ठेवली आणि पत्र्याच्या पेटीत कॅमेरा घातला. पेटी दिसली, दारं लागली. निवृत्तीनं सावकाश कॅमेरा काढला, पोटाशी धरला, खटका दाबला आणि शीळ घालत निघून गेला.

असं सहा महिने चाललं. देवीवाला येतो, घरासमोर उभा राहतो, कुणालाच न टोचता जातो, याचं लोकांना कोडं पडलं. फटीतून पाहणाऱ्या एकानं सांगितलं, सरकारनं भिंतींना टोचायची लस काढली आहे. कडूबा नावाच्या गृहस्थानं तर त्याला घरी नेऊन कलंडलेली भिंत दाखवली. निवृत्तीनं ती गंभीरपणे चाचपली. "हिचं वय झालं," तो म्हणाला. "आता टोचून उपेग नाही."

लाकडाचे व्यापारी फकीर मोहम्मद यांच्या घराला सागवानी कोरीव सज्जा होता. त्याच्यावर ऊन मनासारखं पडेना, म्हणून निवृत्ती त्या गल्लीत चार वेळा गेला. चौथ्या वेळी सज्ज्यातल्या चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्यामागून आवाज आला, "भाऊ, वर या."

फकीर मोहम्मदची आई, नूरजहां बी, पडद्याआड बसली होती.

"चार येळा आले. एकाही लेकराले हात नाही लावला. पेटीत काय हाय?"

निवृत्तीनं पेटी उघडून दाखवली. म्हातारी खूप हसली. मग तिनं पडदा बाजूला केला. चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता आणि एक डोळा पांढरा.

"मी सहा वर्साची होती तव्हाचं हे. या घरात नऊ लेकरं हायेत. तुम्ही दिसले की सुना त्यायले वखारीत लपवतात. अन् तुमचंबी बरं चाललं."

आपण शीळ घालत जायचो ते निवृत्तीला आठवलं आणि कान गरम झाले.

"शुक्रवारी या," ती म्हणाली. "खरी लस आणा. बाकी मी पाहून घेईन."

शुक्रवारी निवृत्ती गल्लीत शिरला तर एकही दार लागलं नाही. पोरं तेल लावून, काजळ घालून, धुतलेल्या टोप्या घालून ओळीत उभी होती, आणि प्रत्येकाची डावी बाही वर गुंडाळलेली. देवीवाला खरं तर फोटो काढतो, आणि दंड उघडा असला की पोरगं फोटोत गुटगुटीत दिसतं, असं नूरजहां बीनं घरोघर कळवलं होतं.

पहिल्या पोराला टोचलं तेव्हा कुणाला काही उमगलं नाही. दुसऱ्याच्या वेळी पळापळ झाली. पण गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी वखारीची लाकडांनी भरलेली बैलगाडी आडवी लावली होती, आणि तिच्यापुढं फकीर मोहम्मद स्वतः हात बांधून उभे होते. त्या दिवशी एकेचाळीस पोरांना देवी काढल्या. नूरजहां बीची नऊही नातवंडं त्यात आली.

मग बायांनी निवृत्तीला घेरलं.

"फोटो कुठी हाय?" एकीनं विचारलं.

"कॅमेरा घरी राह्यला."

"जा, आणा."

तो परत यावा म्हणून त्यांनी त्याची टोपी आणि पेटी ठेवून घेतली. निवृत्ती भर बाजारातून बोडक्या डोक्यानं घरी पळत गेला. रिळात एकच फोटो उरला होता. तो काढला तेव्हा पोरं दंड धरून रडत होती, आया डोळे वटारून बघत होत्या आणि सज्जा कुठं दिसतच नव्हता. पुढं त्यानं पदरमोड करून त्याच्या प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या.

एका दिवसात एकेचाळीस कशा झाल्या, म्हणून वरून विचारणा आली. निवृत्तीनं लिहिलं, 'लोकांनी आनंदानं साथ दिली.' साहेबांनी ते उत्तर जिल्हाभर वाचायला पाठवले. दुसरबीडकडचा देवीवाला मुद्दाम मलकापूरला आला. आपण लोकांशी किती गोड बोलतो, तरी गाव कसं ओस पडतं, हे त्यानं तासभर सांगितलं.

निवृत्तीनं त्याला चहा पाजला. "माह्यासारखं करू नको," तो म्हणाला. "गावात एखांदी खमकी म्हातारी शोध."