हलव्याचा विमा

आमच्या धंद्याचा विमा उतरवायचं ठरलं तेव्हा धंदा उत्तम चालला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक म्हणतात, "बसायलाच आला असेल, म्हणून विमा सुचला." तसं नव्हतं. डोंबिवलीतल्या आमच्या घरातून हलव्याचे दागिने पुण्याला जात होते, नागपूरला जात होते, दुबईला आणि अमेरिकेलाही जात होते. नव्या सुनेची पहिली संक्रांत, बाळाचं बोरन्हाण, जावयाचा हार आणि नारळ. लोक वेबसाइटवर ऑर्डर टाकत, आणि टाकून झाल्यावर पुन्हा फोन करून विचारत, "काटेरीच आहे ना हो, नक्की?"

काटेरीच असे. सगळा धंदा त्या काट्यावर उभा होता. दागिने काय, कुणीही करतं. बाजारातून गुळगुळीत हलवा आणायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, सोनेरी दोरा लावायचा, झालं. आमच्याकडे हलवा सासूबाई घरी करत. परातीत तीळ नाहीतर खसखस, खाली अगदी मंद आच, वरून चमचा चमचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. पंखा बंद. घाई केली की साखर बसते पण काटा फुटत नाही. थंडी पडली की त्या पहाटेच परात घेऊन बसत. आम्ही उठून स्वयंपाकघरात जाईपर्यंत त्यांची बोटं लाल झालेली असत. मी म्हणायचे, "आई, पुरे आता." त्या म्हणत, "आत्ता सोडला तर रुसेल." हलवा रुसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

दागिने ओवायला आणि चिकटवायला माझ्या तीन मैत्रिणी येत. एक आमच्याच मजल्यावरची, एक समोरच्या इमारतीतली, तिसरी माझ्याबरोबर कॉलेजात होती. दिवाळी सरली की दुपारची जेवणं आटपून त्या यायच्या आणि दिवेलागणीपर्यंत बसायच्या. हात चालत, तोंडं त्याहून जास्त चालत. त्यांना मी पगार देत नव्हते. तशी पद्धतच नाही आमच्यात. संक्रांत झाली की हळदीकुंकवाला बोलवायचं, प्रत्येकीला चांगली साडी द्यायची आणि साडीच्या घडीत पाकीट ठेवायचं. पाकिटाबद्दल देणारी बोलत नाही आणि घेणारी समोर उघडत नाही. मनाजोगतं नसलं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही. सासूबाईंना तर काहीच नसे. घरातल्या माणसाला कुणी देतं का? दर वर्षीचा पहिला हार मी त्यांना दाखवायचे. त्या चष्मा वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरा झालाय."

विम्याचं मनात आलं ते कोपरीच्या एका बाईंमुळे. त्या माझ्या ओळखीच्या, लहान मुलांचे कपडे शिवून ऑनलाइन विकायच्या. त्यांच्या घरी शॉर्ट सर्किट झालं आणि कपड्यांची खोली जळाली. माणसं वाचली. घराचा विमा होता, पण कंपनीने सांगितलं, घरात ठेवलेला विक्रीचा माल या पॉलिसीत बसत नाही. आमच्याकडे येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं आणि निघताना मला विचारलं, "तुमचा आहे ना विमा?" त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. डिसेंबरात आमच्या आतल्या खोलीत छतापर्यंत खोके असत, आणि खोक्यांत काय, तर साखर, पुठ्ठा आणि दोरा. एक ठिणगी पडली किंवा वरच्या मजल्यावरचा एखादा नळ फुटला, की संपलं.

माझा नवरा ठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता, नुकताच निवृत्त झालेला. त्याला काहीतरी काम हवंच होतं. त्याने विम्याचा अभ्यास सुरू केला. कॉम्प्युटरवर तक्ता केला. आगीचा रकाना, पाण्याचा रकाना, चोरीचा रकाना, कुरिअरवाल्याने वाटेत मोडलं तर, हलवा खाऊन बाळाला त्रास झाला तर. या शेवटच्या रकान्यावरून सासूबाईंनी त्याला चांगला झापला. "माझ्या हलव्याने कुणाच्या बाळाला कशाला त्रास होईल रे?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर गणपती गेले, नवरात्र आलं, तरी तक्ता काही पुरा होईना.

आमच्या इमारतीत एक विमा एजंट काका राहतात. निम्म्या इमारतीचे विमे त्यांच्याकडे आहेत, कारण रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? ते म्हणाले, "अहो, साधी घराची पॉलिसी घ्या. कपाट, फ्रिज, किराणा, एवढंच लिहू. साखर काय कुणाच्या घरात नसते?" नवरा ताठ झाला. आयुष्यभर कागदावर खोटं लिहिलं नाही, आता लिहिणार नाही. आणि कोपरीच्या बाईंचं उदाहरण समोर होतंच. मलाही तेव्हा त्याचा अभिमान वाटला. आज वाटतं, लिहिलं असतं खोटं तर काय बिघडलं असतं? जास्तीत जास्त आग लागली असती.

मग आम्ही दोघं ठाण्याला गेलो. खोपटला, एसटी डेपोच्या जरा पुढे, एका विमा कंपनीचं ऑफिस होतं. तिथला अधिकारी अगदी तरुण, मनापासून मदत करणारा. वाईट असता तर निदान त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्याने घरगुती व्यवसायाची वेगळी पॉलिसी दाखवली. नवऱ्याचे सगळे रकाने तीत बसत होते. तो खुशीत आला, आणि मग त्या मुलाने विचारलं, "मॅडम, तयार मालाची किंमत कशी काढता?"

मी वेबसाइटवरचा भाव सांगितला.

"तो सेलिंग प्राइस झाला. आपल्याला कॉस्ट लागते. मटेरियल प्लस लेबर. लेबर किती आहेत?"

"लेबर नाहीत. मैत्रिणी येतात. आणि सासूबाई."

"ओके. मग त्यांचं पेमेंट कसं करता?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने टेबलाकडे बघितलं. साडीच्या घडीतलं पाकीट त्या एसी केबिनमध्ये कसं समजावून सांगायचं?

"कसंय मॅडम," तो म्हणाला, "उद्या क्लेम आला ना, तर सर्व्हेअर प्रूफ मागणार. लेबरचा काहीच कागद नसेल तर तुमचा माल म्हणजे नुसती साखर. साखरेचेच पैसे मिळतील. तुम्ही असं करा ना, सगळ्यांची व्हाउचर बनवा. सासूबाईंचंपण बनवा. मग ती व्हॅल्यू धरता येईल."

नुसती साखर. घरी येईपर्यंत मी तेच घोकत होते. पहाटेच्या त्या बोटांची किंमत कुणी तोंडावर शून्य सांगितली की संताप येतोच, आणि माझा स्वभाव मुळात तापटच. मी ठरवलं, त्या मुलाचं बरोबर आहे, या बायकांचं काम कागदावर आलंच पाहिजे. मी त्यांचा मान करायला निघाले होते. देवाशपथ, मान करायलाच.

दिवाळीनंतर मैत्रिणी आल्या तेव्हा चहा देता देताच मी सांगून टाकलं. या वर्षीपासून सगळं रीतसर, दर आठवड्याला मजुरी, फक्त व्हाउचरवर सही करायची. समोरच्या इमारतीतलीचा हात दोऱ्यावरच थांबला.

"म्हणजे आम्ही तुझ्याकडे कामाला येतो?"

"अगं तसं नाही गं, कागदापुरतं. विम्यासाठी."

"कागदावर काय लिहिणारेस? मजूर?"

दुष्काळात तेरावा महिना, तसा नवरा आतून मदतीला धावत आला. "मजूर नाही हो, कामगार," म्हणाला.

ती हसली. तिचा मुलगा बंगळुरूला मोठ्या पगारावर आहे, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. "उद्या माझ्या विहीणबाईंना कळलं, की ही मण्यांच्या मजुरीवर सही करते, तर बघायलाच नको," म्हणाली. बाकीच्या दोघी खाली मान घालून ओवत राहिल्या. त्या दिवशीचं काम त्यांनी पुरं केलं, कपबशा विसळून ठेवल्या. सही कुणीच केली नाही. दुसऱ्या दिवशी एकीकडे पाहुणे आले, एकीचे गुडघे दुखायला लागले, तिसरीने कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. मी रागाने म्हटलं, नका येऊ. ओवायला छप्पन्न मिळतील. काटा माझ्या घरात आहे.

त्याच रागाच्या भरात मी सासूबाईंकडे गेले. त्या परातीशी बसल्या होत्या, हलवा अर्ध्यावर आला होता. मी व्हाउचर आणि पेन घेऊन शेजारी बसले आणि विचारलं, "आई, एका किलोला तुमची मजुरी किती धरू?"

त्यांनी वर बघितलं नाही. "कसली मजुरी?"

मी सगळं समजावलं. सर्व्हेअर, पुरावा, व्हाउचर. तुमच्या हातांची किंमत लागलीच पाहिजे, असंही म्हणाले. फार छान बोलले मी.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "तूच सांग. बाहेरच्या बाईला काय देतात?"

आणि मी सांगितलं. चौकशी करूनच ठेवली होती. वर मोठेपणाने थोडा वाढवूनही सांगितला आकडा.

त्यांची बोटं परातीत फिरत होती. "बरं," त्या म्हणाल्या. "मग त्यातून माझं जेवणखाण कापून घे. औषधं कापून घे. राहण्याचंही काहीतरी धर. बाहेरची बाई फुकट थोडीच राहील इथे?"

"आई, अहो काय बोलताय!"

"अगं, व्यवहार आहे. व्यवहारात रागवायचं नसतं." त्यांनी हात पुसून सही केली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हातातला हलवा त्यांनी पूर्ण केला, मध्येच सोडला नाही. मग परात घासली, कोरडी केली आणि नवऱ्याला सांगून माळ्यावर ठेवून दिली. ती पुन्हा त्यांच्यासाठी खाली आली नाही.

त्या रुसल्या असत्या तर समजूत घालता आली असती. मी पाय धरले त्यांचे, तर म्हणाल्या, "उठ गं, मला राग कसला? हात कापतात आता माझे." हात कापत नव्हते. त्याच हातांनी त्या माझ्यादेखत सुईत दोरा ओवत होत्या. पण पूर्वी हक्काने "आणखी आमटी वाढ" म्हणायच्या, ते बंद झालं. चहा मागणं बंद झालं. केला तर घेत, आणि कप स्वतः धुऊन ठेवत. त्या धुतलेल्या कपाकडे बघून मला रडू यायचं. नवऱ्याने एकदा आवाज चढवला, "आई, हे काय चालवलंयस?" तर त्याला म्हणाल्या, "काय रे, काही चुकलं का माझं?"

हलवा मी करून बघितला. परात खाली काढली, पहाटे उठले, आच बारीक ठेवली, सगळं त्यांच्यासारखं. तिळावर साखरेचे नुसते गोळे बसले. त्या दारातून आत आल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. पूर्वीच्या असत्या तर "सर बाजूला" म्हणून परात हिसकावून घेतली असती. मी ऑर्डरी परत करायला लागले. एका मुलीने लिहिलं, ताईचे दागिने तुमच्याकडचे होते, माझेही तुमच्याकडचेच हवेत. तिला काय लिहू? वेबसाइटवर 'सध्या उपलब्ध नाही' असं टाकलं. 'सध्या' हा शब्द नवऱ्याने घातला.

सासूबाईंच्या सहीचं व्हाउचर जोडून नवऱ्याने अर्ज तेव्हाच भरला होता; पॉलिसी आली ती ऐन संक्रांतीच्या आठवड्यात. आमच्या तयार मालाला आगीपासून, पाण्यापासून, चोरीपासून संरक्षण, आणि आतल्या खोलीत रिकामे खोके एकात एक घालून ठेवलेले. नवऱ्याने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढून बसून राहिला. आमचं झालेलं नुकसान कुठल्या रकान्यात बसतं ते शोधत असावा.

तिळगूळ घेऊन मी तिन्ही मैत्रिणींकडे गेले. तिघींनी बसवलं, चहा दिला, हळदीकुंकू लावलं, समोरच्या इमारतीतलीने मुलाच्या लग्नाची पत्रिका कशी करायची तेही विचारलं. हलव्याचं नाव कुणी काढलं नाही. माझ्याच्यानेही काढवलं नाही. माझ्याकडच्या साड्या त्या वर्षी कपाटातच राहिल्या.

यंदा दिवाळीनंतरची गोष्ट. धंद्याचा मोबाइल मी अजून बंद केलेला नाही, तो जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो. दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते तेव्हा तो वाजला. मी पोचायच्या आत सासूबाईंनी उचलला. पलीकडून कुणीतरी काटेरी हलव्याचं विचारत असणार.

"नाही हो, आता नाही होत इथे," त्या अगदी मऊ आवाजात सांगत होत्या. "हलवा करणारी एक बाई होती यांच्याकडे. तिने काम सोडलं."

मी ओला टॉवेल हातात धरून दारातच उभी राहिले. आत जायचा धीर होईना. त्यांनी फोन टेबलावर होता तिथे नीट ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं गिऱ्हाईक होतं कुणीतरी."