दणकूच्या खोक्यातलं कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. भाजी घेताना थांबवून 'तुम्ही चांगलं म्हणालात म्हणून घेतलं हो' असं सांगणाऱ्या बायकांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — ते मलाही नीट माहीत नाही. पण बसा जरा. आधी दणकूबद्दल सांगते. त्याच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

मी डोंबिवलीत राहते आणि लहान मुलांच्या खेळण्यांची परीक्षणं करते. मराठीत, व्हिडिओवर, आमच्याच बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून. त्यातही माझ्याकडे जास्त येतात ते रोबो — मोठे, चालणारे, बोलणारे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीचे. बहुतेक सगळे एकाच साच्यातले असतात. छातीत लाल दिवे, हातात बंदूक, आणि आवाज असा की शेजारचे दार वाजवायला येतात. दोन दिवस मूल त्याच्यामागे धावतं, तिसऱ्या दिवशी तो सोफ्याखाली जातो.

दणकू वेगळा होता. उंची माझ्या मुलीच्या, इराच्या छातीपर्यंत. ती तेव्हा चार वर्षांची होती. पावलं रुंद, सगळं वजन खाली, त्यामुळे ढकललं तरी पडायचा नाही, नुसता डुलायचा. डोळ्यांतला दिवा मऊ, दुधाळ. सेलच्या झाकणाला स्क्रू, म्हणजे पोरांच्या हाताला उघडणार नाही. समोर भिंत आली की थांबायचा आणि म्हणायचा, 'थांब हं, मला वळू दे.' आवाज एका बालवाडीच्या बाईंचा होता, ओरडणारा नाही. पण मला सगळ्यात काय आवडलं सांगू? तो प्रश्न विचारायचा — 'आज काय खाल्लंस?' — आणि गप्प राहायचा. मूल आठवून, अडखळून, सगळं सांगून होईपर्यंत गप्प. इतक्या खेळण्यांत मुलाचं ऐकून घेणारं खेळणं मी तेवढं एकच पाहिलं.

तो बनायचा मानपाड्याच्या एका छोट्या कारखान्यात. मालक जनार्दन पाटील, सगळे त्यांना पाटीलकाका म्हणायचे. तिथलेच, आजोबा-पणजोबांपासून भातशेती केलेलं घर. भावकीतल्या इतरांच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. काकांनी आपल्या तुकड्यावर पत्र्याची शेड घातली, जुनी मोल्डिंगची मशिनं आणली आणि साठीला टेकल्यावर खेळणी करायला घेतली. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी माझ्यासाठी तो नुसता एक रोबो होता, एका खोक्यात आलेला.

माझा एक नियम आहे. खेळणं आठवडाभर घरात ठेवायचं, इरा आणि बिल्डिंगमधली दोन-तीन मुलं त्याच्याशी खेळतील तशी खेळू द्यायची, आणि मगच बोलायचं. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात तो याचमुळे. दणकूच्या वेळी मी तो नियम पाळला नाही. दिवाळी जवळ आलेली, दुसऱ्या सगळ्या चॅनेलवाल्यांचे व्हिडिओ पटापट येत होते. मी खोकं उघडलं त्याच सकाळी चित्रीकरण केलं.

आणि कॅमेऱ्यासमोर, इराने दणकूचा हात धरून ओढला — तो निघून तिच्या हातात आला.

इरा बावरली. माझ्याकडे बघायला लागली, खालचा ओठ पुढे. मला आजही कबूल करायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे फार छान टिपलं गेलंय. मी तो हात कॅमेऱ्यापुढे धरला आणि म्हणाले, 'बघा, पाच मिनिटांत खांदा निखळला. आपली मुलं अशी खेळणी घेऊन काय करणार?' बाकी सगळ्याचं मी कौतुक केलं होतं, खरंच केलं होतं. पण लोकांनी बघितलं ते फक्त ते. तो हात आणि इराचा तो ओठ. कल्याणच्या घाऊक बाजारातल्या दुकानदारांनी दणकूची खोकी परत पाठवायला घेतली, हेही मला एका बाईंच्या प्रतिक्रियेतूनच कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी आवरून बाहेर आले तर इरा दणकूपुढे बसलेली. हात काढत होती, लावत होती. काढला की हसायची, दाबला की टक् असा आवाज यायचा आणि हात पुन्हा जागेवर. 'आई, तो मोडत नाही,' ती म्हणाली. 'तो सोडून देतो.' तिच्याजवळ एक पिवळं कार्ड पडलेलं होतं. मागच्या बाजूला तिने रंगीत खडूने घर काढलं होतं. मी कार्ड उलटं केलं.

वरती चित्र होतं, एक लहान बोट आणि रोबोची काख. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — 'दणकूचा हात ओढला की सुटतो. घाबरू नका, मोडला नाही. हात खाली येताना बाळाचं बोट मध्ये आलं तर चेपू नये, म्हणून तो सुटतो. परत लावा. टक् वाजलं की लागला.'

इतकं साधं. इतकं नीट. मी कितीतरी परदेशी खेळण्यांच्या जाडजूड पुस्तिका वाचल्यात, एकीतही आईशी असं बोललेलं मी वाचलं नव्हतं.

ते कार्ड कुठून आलं? आता मुद्द्यावर येतेय, थांबा. — ते खोक्यातच होतं. सगळ्यात वर, थर्मोकोलच्याही वर, झाकण उघडलं की पहिलं दिसेल असं. मी ते स्वतःच्या हाताने उचललं होतं. उजेड नीट येतोय का ते बघायच्या घाईत न वाचता टीपॉयवर टाकलं होतं. तिथून ते इराने घेतलं.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, होते माणसाकडून. खरंय. इथपर्यंत ती चूकच होती. त्याच दिवशी व्हिडिओ करून 'मी कार्ड वाचलं नाही, माझं चुकलं' एवढं म्हटलं असतं तर आज मी हे सांगत बसले नसते. पण तो व्हिडिओ तेव्हा गावभर फिरत होता. मी म्हटलं, उद्या करू. मग परवा. आणि मग पाटीलकाकांचाच फोन आला.

ते रागावलेले नव्हते. तेच तर. 'मॅडम, एक दिवस कारखान्यात येता का? त्याला पण घेऊन या. बघू काय झालाय त्याच्या खांद्याला.' मी दणकूला मांडीवर घेऊन रिक्षाने गेले.

शेडमध्ये सहा-सात बायका टेबलाशी बसून काम करत होत्या. काकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दणकूचा खांदा उघडून दाखवला. आत एक वाटी आणि तिच्यात बसणारा गोळा, एवढंच. पण त्या वाटीची कड किती घट्ट ठेवायची, यासाठी त्यांनी वर्ष घालवलं होतं. घट्ट झाली तर बोट चेपणार, सैल झाली तर हात आपोआप गळून पडणार. शेल्फवर जुन्या वाट्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर पेनाने काहीतरी लिहिलेलं. 'माझ्या नातीचा बोट चेपला होता असल्याच एका रोबोत,' ते म्हणाले. 'नख गेला. पोर सहा महिने कुठल्या खेळण्याला हात लावना.' मग त्यांनी दणकूचा खांदा बंद केला, वर उचललेल्या हाताच्या खाली, काखेत, स्वतःची करंगळी धरली आणि हात खाली आणायचं बटण दाबलं. टक्. हात सुटला. करंगळी शाबूत. माझ्याकडे बघून ते नुसते हसले.

मला त्या माणसाबद्दल तेव्हा जे वाटलं — त्याला कौतुक म्हणणं कमीच आहे. आणि त्याच क्षणी त्यांनी विचारलं.

'मॅडम, खोक्यातला कार्ड वाचला नव्हता का तुम्ही?'

अगदी सहज विचारलं. आरोप नव्हता त्यात. मी 'नाही वाचलं' म्हणू शकत होते. ते 'जाऊ द्या' म्हणाले असते, मला खात्री आहे. पण एवढं सगळं बघितल्यावर, त्या वाट्यांच्या ओळीसमोर बसून, 'मी न वाचताच बोलले' हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, 'कार्ड नव्हतं खोक्यात.'

 काकांनी पॅकिंगच्या टेबलाकडे वळून हाक मारली. 'वनिता, जरा ये गो.'

वनिता कल्याणजवळच्या मोहने गावाहून यायची. पस्तिशीची असेल, ओढणी कमरेला खोचलेली, हाताला गोंद लागलेला. काकांनी तिला सांगितलं की मॅडमच्या खोक्यात कार्ड नव्हतं. ती म्हणाली, 'नाही काका. मी घालते ना. शेवटी, सगळ्यात वर. मीच घालते.' आणि तिने माझ्याकडे बघितलं. 'मॅडम, पिवळं कार्ड. नीट आठवून बघा.'

मी आठवून बघितल्यासारखं केलं. खरंच, मी नजर वर करून आठवायचं नाटक केलं. आणि म्हणाले, 'नाही. नव्हतं.'

तिने हाताला लागलेला गोंद ओढणीच्या टोकाला पुसला. मग हळू म्हणाली, 'मग राहिलं असेल माझ्याकडून.' आणि मला म्हणाली, 'सॉरी, मॅडम.'

ती गेल्यावर काकांनी मला सांगितलं की ते कार्ड तिनेच तयार केलं होतं. काकांनी आधी एका इंजिनिअरकडून लिहून घेतलेलं, कुणाला कळेना. वनिता म्हणाली, मला द्या. तिने चार रात्री बसून ते लिहिलं, चित्रसुद्धा तिचंच. 'स्वतःचा कार्ड, आणि तीच विसरली,' काका मान हलवत म्हणाले. मी चहा संपवला. चहा संपवला मी — कळतंय ना तुम्हाला?

घरी येऊन मी दुसरा व्हिडिओ केला. त्यात दणकूचा खांदा समजावून सांगितला, वाटी आणि गोळा दाखवला, काकांचं मनापासून कौतुक केलं. आणि म्हटलं की कंपनीकडून चुकून कार्ड राहून गेलेलं, म्हणून माझा गैरसमज झाला. लोकांनी काय लिहिलं असेल? 'चूक सुधारायला मोठं मन लागतं.' 'म्हणूनच ताईंवर विश्वास आहे.' खोकं उघडतानाचं, व्हिडिओत न घेतलेलं चित्रीकरण माझ्या फोनमध्ये होतं. त्यात मी पिवळं कार्ड उचलताना स्पष्ट दिसत होते. ते मी त्या संध्याकाळी पुसून टाकलं. इराच्या घराचं चित्र असलेलं कार्डही फाडलं. तिने दोन दिवस शोधलं ते.

दणकू सावरला. दुकानांतून पुन्हा मागणी आली, आता तर ठाण्यापर्यंत जातो, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. काकांनी मात्र एक नवीन पद्धत सुरू केली. प्रत्येक खोक्यात पॅकिंग करणाऱ्या बाईच्या सहीची चिठ्ठी. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा बाकीच्या बायका हसतखेळत सह्या करत होत्या. वनिता कार्ड घालायची, झाकण लावायची, पुन्हा उघडून बघायची, आणि मगच सही करायची. काही महिन्यांनी तिने काम सोडलं. काका म्हणाले, 'थांबवला मी तिला. चांगली बाई. पण तिचा मनच लागंना.'

गेल्या वर्षी ती मला कल्याणला एसटी स्टँडवर भेटली. तिनेच ओळखलं मला. इरा कशी आहे विचारलं, दणकू अजून चालतो का विचारलं. चालतो म्हटलं. ती आता मोहन्यातच एका बालवाडीत मदतनीस आहे. मुलांना चित्रांची कार्डं करून देते, तिथल्या बाईंनी ती भिंतीवर लावलीत — सांगताना तिचा चेहरा उजळला होता. पिशवीतून काढून दोन दाखवली. हात धुण्याचं एक, रांगेत उभं राहण्याचं एक. कोणत्याही मुलाला बघताक्षणी कळेल अशी.

मग ती ती कार्डं पिशवीत ठेवायला लागली. ठेवली, पिशवी बंद केली, पुन्हा उघडून बघितली. माझं लक्ष गेलेलं बघून जरा ओशाळली. 'सवय लागली, मॅडम. तुमच्या त्या खोक्यापासून. मला ना, अजून आठवतं मी ते कार्ड घातलेलं. डोळ्यांसमोर दिसतं अगदी. पण नव्हतंच ना ते. तेव्हापासून स्वतःचं आठवलेलं खरं वाटत नाही. गॅस बंद केला तरी जाऊन बघते.'

तिथे मी होते, ती होती. तिची गाडी लागायची होती. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, 'होतं असं कधी कधी.'

ती हो म्हणाली. गाडी आली, ती चढली, खिडकीतून तिने हात केला. मीही केला.

तिने कार्ड घातलं होतं. तिला बरोबर आठवत होतं. हे मला माहीत होतं — कारखान्यात, व्हिडिओत, आणि त्या दिवशी स्टँडवरसुद्धा — आणि मी तिला सांगितलं नाही.