रविवारचं पूर्ण पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे महाल भागातल्या एका दुकानात जाऊन डायरी घेणं. त्र्याऐंशी सालच्या डिसेंबरचा शेवटचा शुक्रवार होता. दुकानदारानं दहा-बारा डायऱ्या समोर मांडल्या होत्या आणि माझी बायको भागिरथा एकेक डायरी उचलून खाली फरशीवर ठेवत होती. मधोमध उघडायची आणि हात सोडून द्यायची. जी आपोआप मिटली ती परत वर ढकलायची.

"दरसालचं आहे बाई हे तुमचं," दुकानदार म्हणाला. "डायरी आहे ते. पापड वाळवाले टाकल्यासारखे काहून टाकून राहिले?"

"माहे हात भरलेले असतात शेठ. तेलानं, नाहीतर रक्तानं. हिले धरून कोन बसन?"

 मागं बसलेलं एक गिऱ्हाईक सरकून बसलं.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. भागिरथा सुईण होती. काळी, ठेंगणी, आवाज खणखणीत. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. वस्तीत तिला भागाबाई म्हणत. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीत बायांचा वर्ग निघाला, तिथं ती लिहायला शिकली. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, कापडाच्या गिरणीत साचे चालवले. ती वर्गाला जाऊ लागली तेव्हा मी हसलो होतो. दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा भराभर वाचू लागली, मग हसू बंद झालं.

डायरीवरूनही मी तिला खूप छेडलं. म्हणायचो, "मले पाय. जन्मभर भोंगा वाजला की उठलो, भोंगा वाजला की जेवलो. डायरी कायले पायजे वं माणसाले?"

"तुमच्या कामाले भोंगा आहे. माह्या कामाले कोन वाजवते? पोर सांगून येते का?"

तिचं काम कसं चालायचं ते ऐका. बाया तिच्याकडं यायच्या, पण तारीख कुणाला ठाऊक नसायची. कुणी म्हणायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाळी नाही. कुणी म्हणायची, होळी पेटली त्या दिवशी शेवटची बसली होती. भागिरथा त्या सणाची तारीख जुन्या डायरीत शोधायची, तिथून नऊ महिने नऊ दिवस पानं मोजायची आणि ज्या पानावर बोट थांबलं तिथं बाईचं नाव लिहायची. म्हणून तिला पानाखाली तिथी छापलेली डायरी लागे. मी एकदा म्हटलं, आपण हे सगळं सोडलं ना, मग तिथी कशाला? तर म्हणाली, "मले मुहूर्त नाही पाह्याचा. ते बाई ज्या भाषेत सांगते त्या भाषेत मले आयका लागते."

कागदाचीही परीक्षा असे. पेन्सिलीनं एक रेघ ओढायची, डोक्यावरचं तेल बोटाला लावायची आणि रेघेवरून बोट फिरवायची. रेघ पुसली की डायरी बाद. दुकानदार ओरडायचा, डायरी खराब केली म्हणून. ही म्हणायची, खराबच होती, मी तुला सांगितलं फक्त. फुकटची डायरी तर ती हातात घेत नसे. धरमपेठेतल्या एका घरानं पोर सुखरूप झाल्यावर तिला दुकानाचं नाव छापलेली डायरी देऊ केली होती. त्याच घरानं आधी तिला मागच्या दारानं ये म्हणून सांगितलं होतं. ती पुढच्याच दारात उभी राहिली. "पोर माह्या हातात येते तवा विटाळ नाही, अन् दारातून मी आली तर विटाळ? मी मागून येतो, पण पोरही मागूनच नेईन. चालते का?" दार उघडलं. डायरी तिनं तिथंच टेबलावर ठेवली. म्हणाली, "प्रत्येक पानावर तुमचं नाव आहे, माह्या बायायचं कुठं लिहू?"

पण सगळ्यात कडक अट होती रविवारची. बहुतेक डायऱ्यांत शनिवार-रविवार मिळून एक पान असतं, अर्धं अर्धं. त्या शुक्रवारीही दुकानदार म्हणाला, "अवं बाई, रविवारी सुट्टी असते. म्हणून अर्धं पान."

"कोनाले असते?" भागिरथा म्हणाली.

ती हट्टी होती, असं तुम्हाला वाटेल. या अटीमागं मी आहे. हे मी आजवर कुणाला लिहून दिलं नाही, आता देतो.

चौऱ्याहत्तर साली गिरणीतल्या साहेबानं आम्हा जुन्या कामगारांना डायऱ्या वाटल्या. लाल रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आत भारताचा नकाशा. मी तोऱ्यात घरी आणली. म्हटलं, यंदा दुकानात जाऊन फरशीवर डायऱ्या आपटायच्या नाहीत, नवऱ्यानं आणलेली वापरायची. तिनं उघडून पाहिली. रविवारचं अर्धं पान पाहिलं.  माझ्या तोंडाकडं पाहून डायरी ठेवून घेतली.

त्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारच्या अर्ध्या पानावर तीन नावं आली. चौथं नाव तिनं कडेला आडवं लिहिलं, रेल्वे लायनीपलीकडच्या एका बाईचं. पोर पायाळू होतं, आधीच दवाखान्यात न्यायचं होतं. कागद गुळगुळीत. तेलाचं बोट लागलं आणि ते नाव पुसलं. सोमवारी सकाळी उजेडात धरल्यावर पेन्सिलीचा वळ दिसला. ती धावत गेली. बाई वाचली, पोर गेलं होतं.

मला ती एका शब्दानं बोलली नाही. तीच डायरी डिसेंबरपर्यंत वापरली, कारण नावं त्यात होती. मग फळीवर ठेवली. मी कितीदा म्हटलं, फेकून दे वं ते. ती म्हणायची, "राहू द्या. दिसली पायजे."

तर तो शुक्रवार. त्या महिन्यात डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाईचं हृदय थकलं आहे, कधी बंद पडेल सांगता येत नाही. मी तिच्यापासून लपवलं होतं. म्हणून दुकानात मी खिशात मावेल अशी एक बारीक डायरी उचलली.

"हे घे. एवढी जाड काय करतं?"

तिनं माझ्या हातातून ती काढून ठेवली. "अजी, डॉक्टरनं तुमाले काय सांगतलं ते मले माहीत आहे. तुमचं तोंड म्हणजे पेपर आहे, कोनीही वाचते. पोळ्याले ज्या बायाइले दिवस राहिले त्या जूनमधी मोकळ्या होतीन. मी असो का नसो. माह्या भरवशावर नाही घेऊन राहिली मी डायरी. त्या पोरायच्या भरवशावर घेऊन राहिली."

मग तिला हवी तशी सापडली. निळा कापडी पुठ्ठा, शिवलेली बांधणी, फरशीवर ठेवली की कुत्र्यासारखी पसरून पडणारी, आणि रविवारला पूर्ण पान. तिनं पहिलंच पान उघडून मला दाखवलं. चौऱ्याऐंशी साल रविवारीच सुरू होत होतं. "पाहा, सालाले अक्कल आहे," म्हणाली. रिक्षात बसली ती डायरी पदरात धरून. घरी आल्यावर अंगणात उन्हाला बसून अंधार पडेपर्यंत जुन्या डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर टिपलेली पुढच्या सालची नावं नवीनमध्ये उतरवत होती. जूनपर्यंत.

शनिवारी सकाळी ती चुलीपुढं बसली होती. "अजी, पाणी द्या," म्हणाली. मी पाणी घेऊन वळेपर्यंत भिंतीला टेकून गेली होती. माझ्या हातात गडवा तसाच.

आमची एकच पोरगी, शांता, भिवापूरला दिलेली. ती दुपारच्या एसटीनं आली. घाटावर कुणीतरी म्हणालं, बाईचा डायरीवर जीव होता, सोबत द्या. शांतानंही रडत रडत ती निळी डायरी पुढं केली. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी ती शांताच्या हातातून घेतली आणि कोटाच्या आत घातली. म्हटलं, "हे तिची नाही. त्या बायायची आहे." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं आणि डायरी उघडली. पहिलं पान. रविवार. तिचं मोठं, दाबून लिहिलेलं अक्षर. मी बोट ठेवून वाचलं.

'तुळसा. पोर आडवं. आज दवाखान्यात नेणे. सासू नाही म्हणन. आयकाचं नाही.'

मी टोपी घातली. फळीवरची लाल डायरीही घेतली.

"बाबा, कुठं चालले?" शांता दारात आडवी आली. "कालच मायले पोचवलं. लोक काय म्हणतीन?"

"लोकायच्या पोटात पोर आडवं नाही," मी म्हटलं.

तुळसाचं घर दोन गल्ल्या सोडून. तिची सासू मला पाहून उठलीच. "तुमी? सुतकात? अन् माणसाचं काय काम हो इथं? मी दुसऱ्या सुईणीले सांगतलं आहे. आमच्या घरातली कोनी बाई आजवर दवाखान्यात नाही गेली."

मी तिच्या उंबऱ्याशी खाली बसलो. निळी डायरी फरशीवर उघडून ठेवली आणि हात सोडला. ती उघडी राहिली. मग पान मोठ्यानं वाचलं, गल्लीला ऐकू जाईल असं. 'सासू नाही म्हणन' हेही वाचलं. शेजारच्या बाया दारात आल्या.

"मेलेल्या बाईचं काय वाचून राहिले?" सासू ओरडली.

तेव्हा मी लाल डायरी उघडली. त्या रविवारचं अर्धं पान काढलं. त्या बायांपुढं, भरल्या गल्लीत, आयुष्यात पहिल्यांदा बोललो. म्हटलं, "हे डायरी मी आणली होती. इथं एक नाव होतं, जागा नाही म्हणून कडेले लिहिलं, पुसून गेलं. पोर मेलं. माह्यानं मेलं. आज इथं जागा आहे, नाव धडधडीत लिहिलं आहे, मले वाचता येते. मी इथून उठत नाही. पोलीस बोलवा, दगड मारा, काय कराचं ते करा."

 तेवढ्यात आतून तुळसाचा आवाज आला. "आत्या, मी जातो," म्हणाली. शाल गुंडाळून, एक हात कमरेवर ठेवून ती बाहेर आली. शेजारच्या एका बाईनं तिला धरलं. खुंटीवरचं लुगडं ओढून सासूही निघाली. पुटपुटत, पण निघाली. दोघी सायकलरिक्षात बसल्या. मी रिक्षाच्या कडेनं चालत गेलो, खड्डा आला की रिक्षावाल्याला शिव्या देत.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पोटावर हात ठेवला आणि लगेच आत घ्या म्हणाली. आणखी दोन दिवस घरी ठेवली असती तर दोघंही गेली असती, असं सासूच्या तोंडावर म्हणाली. सासूनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी बाहेर बाकावर बसलो. डायरी मांडीवर उघडली. तिची पेन्सिल मी सकाळी खिशात घातली होती, शेंड्याला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. पान अर्ध्याहून जास्त रिकामं होतं, जागाच जागा. तुळसाच्या नावाखाली मी माझ्या तिसरीच्या अक्षरात, दाबून लिहिलं, 'नेली.' मग डोक्यावर बोट फिरवलं आणि त्या शब्दावरून घासलं.

पुसला नाही. मी सोमवारचं पान उघडलं.