उरलेले चार मुक्काम

घरात, गल्लीत, अगदी कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांतही त्यांचं नाव वन्संच पडलं होतं. वहिनी हाक मारायची, तीच सगळ्यांनी उचलली. वन्संनी चाळीस वर्षं शिलाईयंत्र चालवलं. दहा पावलांवरून बाईचं माप सांगावं, तर त्यांनीच. पण दुकानाबाहेर पडायचं म्हटलं की वहिनी हवी. बँकेत वहिनी, दवाखान्यात वहिनी. वहिनी भूगोलाची शिक्षिका, तोंडाची खमकी. निवृत्त झाल्यावर परदेशाच्या सहलीचा घाट तिनंच घातला.

"वन्सं, तुम्ही फक्त माझ्या मागून चालायचं," ती म्हणाली. वन्सं चालल्या.

पाचव्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्ता करता करता वहिनी पोट धरून वाकली, ती पुन्हा सरळ होईना. पित्ताशय सुजलं होतं. दुपारी शस्त्रक्रिया झाली. सहलीची बस दुसऱ्या दिवशी पुढे गेली. जाताना सहलवाल्याने एका दुभाषीबाईचा फोन नंबर दिला, दोनदा "काळजी घ्या" म्हणाला आणि गेला. जिथे दुकानाची पाटीही वाचता येत नाही, अशा शहरात वन्सं एकट्या उरल्या.

पहिल्या दिवशी इस्पितळातून हॉटेलवर येताना त्या चुकल्या. एका बाकावर बसून मनसोक्त रडल्या. मग नाक पुसून उठल्या आणि आल्या वाटेनं इस्पितळापर्यंत मागे जाऊन पुन्हा निघाल्या. तिसऱ्या दिवसापासून बसने जाऊ लागल्या. थांब्याचं नाव त्यांनी चित्र काढावं तसं कागदावर उतरवून घेतलं होतं. आठवड्याने तोच ड्रायव्हर त्यांना बघून मान हलवू लागला.

मधे वहिनीला ताप चढला, तेव्हा वन्संच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस वहिनी कोणाशी बोलली नाही. ताप उतरला त्या सकाळी तिनं डोळे उघडले आणि कुरकुरली, "या झग्याचा बंद नेमका टाक्यांवर येतो. कोणी शिवलाय हा?"

वन्संना हायसं वाटलं. पिशवीत सुईदोरा होताच. त्यांनी नर्सला खुणेनं विचारलं आणि तिथेच बसून बंद उसवून वर खांद्याशी लावला. नर्सनं तो उलटसुलट करून बघितला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा फाटलेला खिसा घेऊन हजर झाली.

शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी डॉक्टरांनी वहिनीला इस्पितळातून सोडलं. दुभाषीबाई फोनवरून सांगत होती: प्रवास चालेल, पण ओझं उचलायचं नाही, बेताबेतानं चालायचं. वन्संनी तेच तीनदा विचारून घेतलं. डॉक्टरांनी तीनदा हो म्हटलं.

संध्याकाळी वहिनीच्या मुलाचा फोन आला. "आत्या, मी तिकिटं बदलतो. दोघी परत या. बास झाली सहल."

"तो म्हणतोय ते बरोबर आहे," वहिनी खिडकीकडे बघत म्हणाली. "तुमचे फार हाल झाले. जाऊ या."

नकाशा तिनं घडी घालून पालथा ठेवला होता. त्यावर उरलेल्या चार मुक्कामांना पेन्सिलीनं गोल केले होते. वन्संनी तो उचलून उलगडला. मग फोनमध्ये म्हणाल्या, "नको बाळा. डॉक्टर हो म्हणालेत. चार नाही, दोन ठिकाणं करतो. सावकाश."

"आत्या, तू? एकटी तू सगळं बघणार?"

"बघतेच आहे की बारा दिवस."

चार दिवस हॉटेलवर विश्रांती घेऊन त्या निघाल्या. स्टेशनवर तिकीटखिडकीशी वन्संनी आधी दोन बोटं दाखवली, मग जिना चढल्याचा अभिनय करून 'नको' अशी मान जोरात हलवली. जिन्याशिवायचा फलाट मिळाला. दोन्ही बॅगा त्यांनीच ओढल्या. वहिनी हात हलवत मागून चालत होती आणि दर दहा पावलांना "सावकाश हो!" म्हणत होती.

दुसऱ्या मुक्कामी हिमनदी होती. तारेवरच्या डब्यातून दोघी वर पोचल्या. कठड्याला धरून वहिनी बराच वेळ बघत राहिली. बर्फ राखाडी होता, मधे मधे चिखलाचे पट्टे.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "तीस वर्षं मी पोरांना ही निळी रंगवायला लावली. एकाने करडी रंगवली होती, त्याचे मार्क कापले."

वन्संना हसू आवरेना. ते बघून वहिनीही हसू लागली आणि लगेच पोटाला हात लावून कळवळली, "अहो, हसवू नका! टाके!"

तिला धरून वन्संनी तिथल्या उपाहारगृहात काचेजवळ बसवलं. गरम सूप आलं. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच वहिनीनं वाटी चाटूनपुसून संपवली आणि पुढे सरकवली.

"अजून मिळतं का, विचारा बरं," ती म्हणाली. वन्सं वाटी घेऊन उठल्या.